दोष एअरपोर्टच्या मशीनचा

माझा भाऊ अश्वजित वर्षातून चाळीस-पन्नास वेळा विमानात बसायचा, आणि बल्लारपूरच्या आमच्या वॉर्डात त्याचं कौतुक कमी, काळजीच जास्त. काळजी विमान पडण्याची नाही. काळजी एअरपोर्टच्या मशीनची. त्या चौकटीतून माणूस पलीकडे जातो तेव्हा त्याच्या अंगातून किरणं जातात, रक्त पातळ होतं, केस गळतात आणि मूल होत नाही, असा एक व्हिडिओ कुणीतरी पाठवला होता आणि तो आमच्या गल्लीतल्या प्रत्येक फोनमध्ये होता. अश्वजितच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्याच्या बायकोला, दिव्यानीला, अजून दिवस गेले नव्हते. मग काय, गल्लीला पुरावा आमच्या घरातच सापडला.

मी माधवी, त्याची मोठी बहीण. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण दवाखान्यात बारा वर्षांपासून एक्स-रे काढते. दवाखान्याचं नाव सांगत नाही, आणि का सांगत नाही ते पुढे कळेलच. दर अकरा महिन्यांनी माझी ऑर्डर संपते आणि साहेबाची मर्जी असली तर पुन्हा निघते. बारा वर्षं झाली तरी कागदावर मी नवीनच आहे.

तर किरणांचं मला थोडंफार कळतं. मी आमच्या मायला, बायनाबाईला, परोपरीनं समजावलं. म्हटलं, माणूस ज्या चौकटीतून जातो तिच्यात एक्स-रे नसतोच, ती नुसता धातू शोधते. एक्स-रे असतो तो बॅगा जातात त्या पट्ट्यावर, तोही पेटीत बंद. विमान उंच गेलं की वरून थोडी किरणं लागतात हे खरं. पण अश्वजितच्या पन्नास फेऱ्यांची बेरीज केली तरी बल्लारपुरात नुसतं राहून वर्षभरात मातीतून आणि हवेतून आपल्याला जेवढी लागतात त्याहून कमीच भरेल. मायनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुले काय मालूम, तू कुठी बसली विमानात."

अश्वजित निघाला की तिचं सुरू व्हायचं. "बाबू, त्या मशीनीतून नको जात जाऊ. सायबाले सांग, मले बाजूनं जाऊ द्या म्हणा."

"माय, तिथी बाजूनं कोणालेच जाऊ देत नाई."

"तं मंग हात जोडून पळत जा. कमी लागन."

शेजारच्या खुर्शीदाबाजी शिलाईचं काम करतात. शिसं किरणं अडवतं असं अश्वजितनंच कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. माय आणि खुर्शीदाबाजी, दोघींनी मिळून भंगारवाल्याकडून शिशाचा पत्रा मिळवला, बडवून पातळ केला आणि बनियनच्या आत, पोटाखाली येईल असा, दुहेरी कापडात शिवून टाकला. पोरानं आईचं मन मोडायचं नाही म्हणून ती बनियन घातली. नागपूरच्या एअरपोर्टवर चौकट ओरडली. दोन तास बसवून ठेवलं, बनियन उसवली, विमान निघून गेलं. घरी आल्यावर त्यानं तो प्रसंग असा रंगवून सांगितला की खुर्शीदाबाजी पदरात तोंड लपवून हसल्या. सगळ्यात जास्त मी हसले. आता ते हसणं आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण अश्वजित विमानात बसून कशाला जायचा, हे त्या हसण्यात सगळेच विसरलो होतो. मोठमोठ्या कारखान्यांतल्या पाइपांचे वेल्डिंगचे जोड तपासायचं त्याचं काम. दवाखान्यात आम्ही हाडाचा फोटो काढतो, तसा हे लोक लोखंडाच्या जोडाचा काढतात. लोखंडातून पार जायला आमच्या मशीनची किरणं पुरत नाहीत, त्याहून कितीतरी जहाल लागतात. ती निघतात एका धातूच्या तुकड्यातून. तुकडा करंगळीच्या नखापेक्षा लहान. कामावरचे लोक त्याला 'सोर्स' म्हणतात. तो जाड पेटीत बंद असतो, लांब उभं राहून हँडल फिरवायचं की नळीतून बाहेर जातो, फोटो झाला की उलटं फिरवून पेटीत ओढून घ्यायचा. कारखाना बंद ठेवून दुरुस्ती चाललेली असते, मालकाचा जीव खालीवर होत असतो, म्हणून पेटी ट्रकनं आधी जाते आणि माणसं विमानानं बोलावतात. आज गुजरात, परवा ओडिशा, पुढच्या आठवड्यात आसाम. त्या नखाएवढ्या तुकड्याची आमच्या गल्लीत कुणालाच भीती नव्हती, कारण त्याचा व्हिडिओ आला नव्हता.

या कामाला त्याला लावलं मीच. आयटीआय करून दोन वर्षं घरी बसला होता. आमचा बाप कोळशाच्या खाणीत भरणी करून करून छातीच्या आजारानं गेला, आणि पोरगा खाणीत जाऊ नये एवढीच मायची इच्छा. मी पेपरात जाहिरात पाहिली, नागपूरच्या कंपनीची. ट्रेनिंगला पाठवला, पास झाला. पहिल्या पगारातून मायला साडी आणली आणि मला मनगटी घड्याळ.

आम्हा बहीणभावाच्या कामात एक गोष्ट सारखी. दोघांनाही एक बिल्ला मिळतो. छातीवर लावायचा. अंगावर जितकी किरणं पडतील त्याची खूण त्यात साठत जाते. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो आणि कुणाला किती लागलं याचा कागद येतो. सगळ्या सुरक्षेचा जीव त्या बिल्ल्यात.

आणि आम्ही काय करतो, तर तो जपून ठेवतो. आमच्या दवाखान्यात बिल्ले औषधांच्या कपाटात असतात, कुलपात. हरवला तर भरपाई आपल्या पगारातून, वर मेमो. नवीन लागले तेव्हा जुन्या माणसांनी मला हेच शिकवलं, की बाई, बिल्ला सांभाळा. मग मी सांभाळला. बारा वर्षांत माझ्या बिल्ल्यानं एक्स-रेची खोली पाहिलेली नाही. माझा कागद दर वेळी कोरा येतो आणि साहेब म्हणतो, छान. अश्वजितला पहिला बिल्ला मिळाला तेव्हा त्यानं फोन केला होता. "ताई, हा हरवला तं?" मी म्हटलं, "माहा कपाटात आहे. तू बी जपून ठेव."

ज्या वस्तूनं आपल्याला जपायचं, तिलाच आम्ही जपत बसलो. गरिबाच्या घरात नवी वस्तू आली की आधी पेटीत जाते, ती वापरायची असते हे कुणी सांगतच नाही.

त्याच्या कामावर तर कारण आणखी पक्कं होतं. कागदावर आकडा वाढला की माणसाला नियमानं घरी बसवतात. घरी बसला की साइट नाही, साइट नाही तर भत्ता नाही. म्हणून साइटवर पोचलं की सगळ्यांचे बिल्ले सुपरवायझरच्या पत्र्याच्या डब्यात. काम संपलं की डबा उघडायचा. कंपनीनं असं कधी लेखी सांगितलं नाही. कंपनीनं फक्त तो डबा दिला.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात तो एअरपोर्टवरून थेट साइटवर गेला. उशीर झाला होता, डबा बंद झाला होता, बिल्ला त्याच्या शर्टाच्या खिशातच राहिला. त्याच दिवशी सोर्स नळीत अडकला. हँडल फिरवलं तरी मागे येईना. अशा वेळी सगळ्यांनी लांब जायचं, दोरी बांधायची, शिकलेला माणूस आणि त्याची अवजारं येईस्तोवर कुणी जवळ फिरकायचं नाही, असा नियम आहे. पण कारखान्याचा माणूस डोक्यावर उभा. सुपरवायझर म्हणाला, नळी पिळगटली असेल, कुणीतरी सरळ करा. सगळ्यात जुना अश्वजित. तो गेला आणि उजव्या हातानं नळी धरून सरळ केली. एक मिनिटही लागलं नाही असं तो सांगतो. सोर्स पेटीत परत गेला, काम सुरू झालं, सुपरवायझरनं चहा पाजला.

पंधरा-वीस दिवसांनी अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट लाल झालं. सालटं निघाली. गरम पाइपला हात लागला असेल म्हणून त्यानं मलम चोपडलं. महिनाभरात बरंही वाटलं. मला त्यातलं काही सांगितलं नाही.

एप्रिलात तपासणीचा कागद आला. सात वर्षांत पहिल्यांदा त्याच्या नावापुढे आकडा होता, आणि तोही मर्यादेच्या कितीतरी वर. असा आकडा आला की लेखी खुलासा द्यावा लागतो. कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "एअरपोर्ट का लिख दे. सब वही लिखते हैं।" म्हणजे काय, तर बिल्ला बॅगेत राहिला आणि एअरपोर्टच्या मशीनमधून पुन्हा पुन्हा गेला, अंगावर नव्हताच. या धंद्यात हे उत्तर इतकं रुळलेलं आहे की त्याचा मसुदा कंप्युटरमध्ये तयार होता, फक्त नाव बदलायचं.

हे उत्तर खोटं आहे हे कळायला फार शिकावं लागत नाही. तेवढा आकडा यायला तो बिल्ला त्या पट्ट्यावरून हजारो वेळा फिरवावा लागला असता. पण ज्या मशीनला अख्खी गल्ली घाबरते, तिच्या माथी काहीही मारलं तरी खपतं. लोकांची भीती कंपनीच्या अशी कामाला आली.

त्यानं मला फोन केला. "ताई, असं लिहू काय? आकडा अंगावरचा आहे म्हटलं तं सहा महिने घरी बसवतेत."

मी विचारलं, "हाताले, डोळ्याले काही झालं काय?"

"नाई. ठीक आहो मी."

"मंग लिहून दे," मी म्हटलं. हे मी म्हटलं, दुसऱ्या कुणी नाही.

पावसाळ्यात बोटं पुन्हा उघडली. या वेळी आतून. जखम भरेना, नखं काळी पडली, दुखणं असं की हा धिप्पाड माणूस ताटावर बसून रडायचा. दिव्यानी त्याला घास भरवायची. नागपूरच्या डॉक्टरनं बोटं पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हा काय काम करतो?" मी सांगितलं. त्यानं बोटं पुन्हा उजेडाकडे धरून पाहिली. मग म्हणाला, किरणांनी भाजलंय, दोन बोटं काढावी लागतील, अंगठा वाचला तर मोठ्या शस्त्रक्रियेनं वाचेल, आणि ती मुंबईत होईल.

दोन बोटं गेली. आता सगळं एका गोष्टीवर होतं. ही जखम कामावरची आहे असं कंपनीनं मान्य केलं, तर अंगठ्याची शस्त्रक्रिया कंपनीनं करायची आणि त्याला ऑफिसात बसून फोटो तपासायचं काम द्यायचं. मान्य केलं नाही, तर पोरगा बत्तिसाव्या वर्षी घरी, तीन बोटांचा हात घेऊन, आणि अंगठाही जाणार. कंपनीनं कळवलं की आपल्या सात वर्षांच्या नोंदी निरंक आहेत, एकमेव नोंद आपल्याच सहीच्या खुलाशाप्रमाणे विमानतळावरील यंत्रामुळे आहे, तेव्हा जखमेचा कामाशी संबंध दिसत नाही. घरी इस्त्री वगैरे लागली असावी, असंही एक वाक्य होतं.

आम्ही अर्जावर अर्ज केले. शेवटी कंपनीनं चौकशी ठेवली, नागपूरच्या ऑफिसात. मॅनेजर, सेफ्टी ऑफिसर आणि बाहेरून बोलावलेले एक म्हातारे जाणकार. त्या म्हाताऱ्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्यांनी अश्वजितचा हात स्वतःच्या हातात घेऊन पाहिला. बाकी दोघं कागद पाहत होते.

अश्वजितनं सगळं खरं सांगितलं. खुलासा खोटा होता, नळी हातानं सरळ केली, बिल्ला त्या दिवशी चुकून खिशात राहिला, एरवी सगळ्यांचे डब्यात असतात. म्हाताऱ्यांनी विचारलं, "सगळ्यांचे?" मॅनेजरनं लगेच मिथुनला आत बोलावलं. मिथुन आमच्याच गल्लीतला. त्याला कामाला अश्वजितनं लावलेलं, पहिल्या विमानप्रवासात खिडकीची जागाही यानंच दिलेली. त्यानं भिंतीकडे पाहून सांगितलं, "आमी तं रोज लावतो, सर. अश्वजितभाऊचं मले मालूम नाई." दोन लेकी आहेत त्याला. मी त्याला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. पुढच्या पाच मिनिटांत त्या सगळ्या मलाच परत घ्याव्या लागल्या.

म्हातारे माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही याच क्षेत्रातल्या. बिल्ला काढून ठेवायची अशी पद्धत असते का?"

"असते, सर," मी म्हटलं. माझा आवाज खणखणीत होता. यासाठीच तर मी रजा टाकून आले होते.

"तुम्ही पाहिली आहे?"

"हो."

"कुठे?"

मॅनेजरनं मान वर केली. "मॅडम कुठल्या दवाखान्यात असतात?" तो अगदी गोड बोलला. "म्हणजे नोंद करायला बरं. तुमचा बिल्ला तुम्ही लावता की नाही?"

कोपऱ्यातली मुलगी टाइप करत होती. तिची बोटं थांबली आणि ती माझ्याकडे बघायला लागली. मी 'नाही' म्हटलं असतं तर ते कागदावर गेलं असतं. दवाखान्याच्या नावासकट. दोन महिन्यांनी माझी ऑर्डर संपत होती. अश्वजितचा पगार सहा महिन्यांपासून बंद होता, मायची औषधं, घराचं भाडं, सगळं माझ्या त्या अकरा महिन्यांच्या कागदावर चाललेलं. हे सगळं मी त्या क्षणी मोजलं असं म्हणणं खोटं होईल. मला फक्त भीती वाटली. तीच तोंडातून बाहेर पडली.

"मी लावते," मी म्हटलं. "रोज लावते."

"मग काढून ठेवायची पद्धत तुम्ही पाहिली कुठे?" म्हाताऱ्यांनी विचारलं. ते खरोखरच मदत करायला बघत होते.

"ऐकलं आहे, सर."

मुलीनं टाइप केलं. ऐकीव. मॅनेजर खुर्चीला टेकून बसला आणि म्हणाला की बघा, एकाच घरातली दोन माणसं, एकच धंदा, बहीण नियम पाळते आणि भाऊ पाळत नाही, यात कंपनीचा काय दोष. म्हाताऱ्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. तासाभरात निर्णय लिहून झाला. वैयक्तिक निष्काळजीपणा, खोटा खुलासा, सेवा समाप्त. बिल्ल्यावरचा आकडा मात्र त्यांनी विमानतळाच्या यंत्राकडेच ठेवला, कारण तो यंत्राचा नाही म्हटलं असतं तर तो साइटवरचा, म्हणजे कंपनीचाच ठरला असता.

बल्लारपूरच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. वर्धा गेलं, हिंगणघाट गेलं. मी खिडकीबाहेर पाहत होते. तो डाव्या हातानं शेंगा फोडून खात होता. वरोरा आलं तेव्हा म्हणाला, "बरं केलं ताई. एका घरातल्या दोघायचं काम जायले नाई पाह्यजे."

त्यानं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. डब्यातल्या सगळ्या लोकांसमोर द्यायला हव्या होत्या. मी म्हटलं, "अश्वजित, मी खोटं बोलली."

"मालूम आहे मले," तो म्हणाला आणि शेंगांचा पुडा माझ्यापुढे केला.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. माय आत पडली होती. दिव्यानी दारातच उभी होती, तिनं आमची तोंडं पाहिली आणि तरीही विचारलं, "काय झालं?"

मी बोलायच्या आधी अश्वजित बोलला. "नाई झालं. त्यायनं ऐकलंच नाई. पण ताई लय बोलली माह्यासाठी. कोणाची बहीण बोलत नाई इतकी बोलली."

दिव्यानीनं डोळ्यांना पदर लावला, पुढे आली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला अडवलं नाही.